सायकल पेठेतल्या दुकानातून घ्यावी की ऑनलाइन सेलमधून? (पुणे, रोजचं ऑफिस आणि मुलीची शाळा)

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. दोन सायकली घ्यायच्या आहेत. एक माझ्यासाठी. आनंदनगर ते डेक्कन, एका बाजूने सात-आठ किलोमीटर, सोबत लॅपटॉप आणि डबा, पावसाळ्यातही चालवायचा विचार आहे. उंची ५ फूट ८ इंच, वजन ८६ किलो. दुसरी मुलीसाठी. वय ११, उंची १४१ सेंमी, शाळा दीड किलोमीटरवर.

माझ्यासाठी तीन पर्याय समोर आहेत. ऑनलाइन सेलमध्ये २६ इंची, २१ गिअरची, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, पुढे-मागे शॉकर. छापील किंमत १९,९९९ आणि सेलमध्ये ८,७९९. खोक्यात '८५ टक्के जोडलेली' येते म्हणतात. एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये जवळपास तशीच ९,५०० ला, तिथेच जोडून मिळते. आणि पेठेतल्या दुकानात साधी हायब्रिड (रोड आणि डोंगरी सायकलीच्या मधली), मागे ७ गिअर, व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून रबर दाबणारे), शॉकर नाही, १२,५०० सांगितली, ११,८०० पर्यंत येईल.

कागदावर ऑनलाइनवाली भारी दिसते आणि वर तीन हजार वाचतात. दुकानदार म्हणतो, "साहेब, खोक्यातली घेऊ नका," पण तो तसं म्हणणारच. नेमका फरक कशात आहे? आणि मुलीसाठी एक माप मोठी घेतली तर दोन-तीन वर्षं जास्त चालेल ना?

तीनपाने

दुकानदाराकडेही सायकल खोक्यातूनच येते. लुधियानाहून निघालेलं खोकं तुमच्या दारात उतरो की त्याच्या, आतला माल तितकाच कच्चा असतो. फरक पडतो तो खोकं फोडल्यानंतरच्या दीड-दोन तासांत. ते काम कोण करणार, यावर पुढची चार-पाच वर्षं ठरतात, म्हणून तेच जरा सविस्तर लिहितो.

'८५ टक्के जोडलेली' याचा अर्थ पुढचं चाक, हँडल, पायडल आणि सीट तुम्ही लावायची. उरलेलं कारखान्यात लागलेलं असतं, पण ते फक्त बसवलेलं असतं. जुळवलेलं नसतं.

हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापासून, सुरुवात करा. पुढचं चाक बाहेर काढून हातात धरा आणि एक्सल दोन बोटांनी फिरवा. स्वस्त सायकलीत कोन, म्हणजे एक्सलवरचे छर्रे धरून ठेवणारे निमुळते नट, बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त आवळलेले असतात आणि ग्रीस नावालाच असतं. एक्सल खरखरत, अडकत फिरला तर समजा की छर्रे कोनावर घासतायत. असंच चालवत राहिलात तर काही महिन्यांत कोनावर बारीक खड्डे पडतात, आणि मग कितीही ग्रीस भरा, ते चाक गुळगुळीत फिरत नाही. दुरुस्ती पंधरा मिनिटांची आहे: पुढे १३ चा आणि मागे १५ चा पातळ पाना घ्यायचा, चेकनट (कोनाला जागी अडकवणारा बाहेरचा नट) सैल करून कोन पाव फेरा मागे घ्यायचा, ग्रीस भरायचं आणि चेकनट पुन्हा आवळायचा. चेकनट आवळताना कोन थोडा पुढे सरकतोच, त्यामुळे तो आधीच किंचित ढिला ठेवावा लागतो. हा अंदाज हाताला असावा लागतो.

मग चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना रिमचं डावी-उजवीकडे डुलणं. मशीनवर भरलेल्या चाकात तारा सारख्या ताणाच्या नसतात. नवीन तारा हबच्या भोकात आणि निपलमध्ये (रिमपाशी तार आवळणारा छोटा नट) बसतात तशा पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये ढिल्या पडतात, आणि ढिली तारच तुटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तिच्यावरचा ताण कमी-जास्त होत राहतो, म्हणून हबपाशी जिथे ती वळलेली असते तिथे ती थकते आणि टचकन जाते. मागच्या चाकात चेनच्या बाजूच्या तारा आधी जातात. एक गेली की शेजारच्या दोघींवर तिचा भार येतो. ८६ किलो वजन आणि लॅपटॉप म्हटल्यावर तुमच्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. चांगला मिस्त्री नवीन चाक स्टँडला लावतो, तारा जोडीजोडीने दाबून बघतो, ढिल्या तारांना निपल चावीने पाव-पाव फेरा देतो आणि आऊट काढतो. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर हे पुन्हा एकदा करावं लागतं. ते झालं की ते चाक वर्षभर त्रास देत नाही.

तिसरी गोष्ट क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा. आजच्या बहुतेक स्वस्त सायकलींत चौकोनी टोकाच्या एक्सलवर ॲल्युमिनियमचा क्रँक दाबून बसवलेला असतो आणि बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळायला हवा. लांब दांड्याच्या पान्यावर चांगला जोर लावावा लागतो. ढिला राहिला तर स्टीलचा चौकोन ॲल्युमिनियमचं भोक गोल करत जातो. पायडल मारताना 'टक्, टक्' ऐकू यायला लागलं की त्याच दिवशी आवळायचं. महिनाभर तसंच चालवलं तर क्रँक फेकून द्यावा लागतो, नंतर आवळून काही उपयोग नाही.

यातलं एकही काम वेबसाइटवरच्या तपशिलात दिसत नाही. पेठेतला दुकानदार हे सगळं करून देत असेल, वर पहिल्या दोन सर्व्हिस फुकट देत असेल, तर ते तीन हजार कुठेही वाया जात नाहीत. करत नसेल तर मात्र तुम्ही खोक्याचेच तीन हजार जास्त मोजताय. म्हणून दुकानाच्या पाटीपेक्षा आतल्या मिस्त्रीचा हात बघा.

हब_आणि_कोन

वरचं सगळं पटलं. मी फक्त त्या सेलमधल्या सायकलीबद्दल लिहितो, कारण '२१ गिअर, डबल डिस्क, डबल शॉकर' हे वाचून रोज माणसं फसतायत याचं वाईट वाटतं.

पुढे-मागे शॉकर असलेली नऊ हजारांची सायकल डेक्कनला जायला घेऊ नका. मागच्या शॉकरसाठी फ्रेम दोन तुकड्यांची करावी लागते आणि मधे सांधा येतो. या किमतीत त्या सांध्यात साधी बुशिंग असते, पहिल्या पावसाळ्यातच ती खुळखुळायला लागते आणि मागचं चाक डावी-उजवीकडे डुलतं. प्रत्येक पायडलला तुमची थोडी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. वजन १८ ते २० किलो. आणि ऑफिसच्या दृष्टीने सगळ्यात गैरसोयीचं म्हणजे अशा फ्रेमवर नीट कॅरिअर बसत नाही आणि पूर्ण लांबीचे मडगार्डही बसत नाहीत. पावसाळ्यात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसला जावं लागेल.

डिस्क ब्रेक वाईट नाहीत. पुण्याच्या पावसात ओली रिम व्ही-ब्रेकला पहिला अर्धा-पाऊण फेरा दाद देत नाही, डिस्कला हा त्रास कमी. पण या किमतीतल्या वायरवाल्या डिस्कमध्ये एकाच बाजूचं पॅड हलतं, ते रोटरला (चाकावरच्या डिस्कच्या चकतीला) दाबून दुसऱ्या पॅडवर टेकवतं. म्हणून स्थिर पॅड रोटरच्या अगदी जवळ, घासणार नाही इतपत लावावं लागतं, आणि पॅड झिजेल तसं पुन्हा पुन्हा सरकवावं लागतं. हे न केल्यामुळे 'डिस्क आहे पण लागत नाही' अशी तक्रार असते. शिवाय प्रवासात खोक्यावर वजन पडून १६० मिलिमीटरचा रोटर वाकडा झालेला असतो. व्ही-ब्रेकचं रबर कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि कुणालाही लावता येतं. रोज वापरायच्या सायकलीला हा मोठा फायदा आहे.

गिअरचं बघा. २१ म्हणजे पुढे ३ आणि मागे ७. त्यांतले कितीतरी जवळपास सारखेच पडतात. मुठेच्या कडेने जाणाऱ्या तुमच्या रस्त्याला मागचे ७ पुरून उरतात. जाहिरातीत 'शिमानो गिअर' लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) शिमानोचा असतो. शिफ्टर, चेन, फ्रीव्हील (मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा) कुणाचं आहे ते विचारा.

आता तुमच्या वजनाचा खास मुद्दा. स्वस्त ७ गिअरच्या सायकलीत मागे आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आतल्या बाजूला राहतात आणि फ्रीव्हीलच्या जाडीइतका एक्सल आधाराविना बाहेर येतो. वजनदार माणूस, भरलेलं कॅरिअर आणि न दिसलेला स्पीडब्रेकर असं एकत्र आलं की एक्सल तिथेच वाकतो. चाक फिरवल्यावर फ्रीव्हील वर-खाली डुलताना दिसलं तर आधी एक्सल तपासा; फ्रीव्हील किंचित डुलणं चालतं, जास्त डुललं तर एक्सल वाकलाय. कॅसेटच्या हबमध्ये (यात चकत्या आट्यांवर न फिरवता हबवर सरकवून बसवतात) छर्रे टोकाजवळ असतात म्हणून तो टिकतो. पेठेतल्या हायब्रिडमध्ये कॅसेट आहे की फ्रीव्हील हे नक्की विचारा. हजार-दीड हजार जास्त देऊन कॅसेटवाली मिळत असेल तर तुमच्या वजनाला ती घ्या. फ्रीव्हीलच असेल तर मागच्या चाकाला ३६ तारा आहेत एवढं तरी मोजून बघा.

बॉक्स_उघडा

थोडं वेगळं मत मांडतो. खोक्यातली सायकल सरसकट वाईट नसते आणि पेठेतलं दुकान सरसकट चांगलं नसतं. बरीच दुकानं वीस मिनिटांत सायकल उभी करतात, सीटची दांडी हातोडीने ठोकून बसवतात, आऊट बघतही नाहीत. उन्हात महिनोन् महिने टांगलेली सायकल देतात. टायरच्या कडेला बारीक चिरा दिसल्या तर ती सोडा. आणि तुमचं माप दुकानात नसेल तर 'बसतंय की, सीट वर करून देतो' हे ठरलेलं उत्तर.

ऑनलाइन तेव्हा घ्या जेव्हा नामांकित कंपनीचं नेमकं मॉडेल हवं आहे, त्याचं माप तुम्ही कुठेतरी बसून तपासलंय आणि जोडायला माणूस आधीच ठरवलाय. घरी येऊन जोडणारे मिस्त्री आता पुण्यात सहज मिळतात. त्यांची मजुरी त्या तीन हजारांतून वजा करा. पंप, मडगार्ड, स्टँड, कुलूप, पुढचा-मागचा दिवा धरा, आणखी दोन-अडीच हजार. पेठेतला दुकानदार यातलं निम्मं सामान त्याच किमतीत घासाघीस करून देतो. म्हणजे फरक कुठल्या कुठे जातो.

स्वतःच जोडणार असाल तर चार, पाच आणि सहाची ॲलन की, १५ चा पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडं ग्रीस हाताशी ठेवा. सगळ्यात जास्त नुकसान पायडलमध्ये होतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायडलच्या एक्सलच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं. आर चेनच्या बाजूला. आट्यांना ग्रीस लावा, पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या, बोटांनी जात नसेल तर पाना लावूच नका, काढून पुन्हा सरळ धरा. दोन्ही बाजूंना पाना वर उभा धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की पायडल आवळतं. पायडल स्टीलचं आणि क्रँक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे तिरकं घुसवलं तर आटे क्रँकचेच जातात.

दुसरी चूक पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) उलटा राहण्याची. खोक्यात मावावा म्हणून तो मागे फिरवलेला असतो आणि तसाच ठेवून हँडल लावतात. सुपरमार्केटच्या मजल्यावर उभ्या असलेल्या सायकलींतही हे दिसतं, म्हणून तिथून घेणाऱ्यांनी आधी हेच बघा. ओळखायला सोपं आहे: डिस्कचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) सायकलवर बसल्यावर तुमच्या डाव्या हाताला हवा, व्ही-ब्रेक असेल तर त्याचे हात चिमट्याच्या पुढच्या अंगाला हवेत. उलट्या चिमट्यावर वळताना पायाचा चवडा चाकाला लागतो आणि चाकं जवळ आल्याने सायकल विचित्र वळते.

तिसरं, खोकं उजव्या कुशीवर आपटलं की मागचा डिरेलर ज्या कानाला टांगलेला असतो तो आत वाकतो. मागे उभं राहून बघा. डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या आणि वरची गिअरची चकती एका उभ्या रेषेत हवी. वाकलेला असताना सगळ्यात मोठ्या गिअरवर टाकलंत तर डिरेलर तारांत जातो, आणि एका क्षणात डिरेलर, तीन-चार तारा आणि कधी कधी फ्रेमचा कानही जातो. तारा वाचवायला 'एल' लिहिलेला स्क्रू असतो, चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊ नये एवढा तो आत घ्यायचा. कारखान्यातून तो लावून आलाय असं धरून चालू नका. आणि हा कान प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. कंपनीकडे सुटा मिळतो का हे विचारून शक्य झालं तर एक जादा घेऊन ठेवा. अनोळखी नावाच्या सायकलीत हे मिळत नाही, आणि तिथेच ती सायकल भंगारात जाते.

डेकॅथलॉनसारख्या दुकानांना मात्र सुपरमार्केटच्या रांगेत बसवू नका. तिथे स्वतःची कार्यशाळा असते, चालवून बघता येते, मापं मिळतात आणि त्यांच्या सायकलींचे सुटे भाग तिथेच मिळतात. सिंहगडरोडकर, तुमच्या यादीत हा चौथा पर्याय घाला.

सिंहगडरोडकर

धन्यवाद, बरंच कळलं. शॉकरवाली यादीतून काढली. माझ्या उंचीला माप कोणतं ते सांगाल का? आणि मुलीचं कुणीतरी बोला. दुकानदार म्हणतो २६ इंची घ्या, कॉलेजपर्यंत बघायला नको.

शाळेची_सायकल

मुलीला २६ इंची अजिबात घेऊ नका. १४१ सेंमीला २४ इंची चाकाची सायकल बरोबर बसते आणि ती साधारण १५० पर्यंत चालते. २० इंची आता लहान होईल. 'वाढत्या अंगाचं' कपड्यांत चालतं. सायकलीत मूल थांबताना पाय टेकवू शकत नाही आणि दुचाकीवाल्यांच्या गर्दीत तिथेच पडतं.

दुकानात मुलीला घेऊनच जा. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभी राहिली की दांडी आणि तिच्यात तीन-चार बोटांचं अंतर हवं. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकायला हवेत. नवशिकी असेल तर पूर्ण पाऊल टेकू दे, सीट नंतर वर करता येते. मग ब्रेक. हे लोक सगळ्यात जास्त विसरतात. मोठ्यांच्या मापाचे लिव्हर मुलीच्या हातात येत नाहीत, ती बोटांच्या टोकांनी ओढते आणि ब्रेक अर्धाच लागतो. बहुतेक लिव्हरला मुठीजवळ एक छोटा स्क्रू असतो; तो आत घेतला की लिव्हर हँडलजवळ येतो. नंतर वायर पुन्हा जुळवावी लागते. दुकानातच करून घ्या, आणि तिला दोन बोटांनी ब्रेक दाबून मागचं चाक जाम करायला सांगा. ते जमेपर्यंत सायकल घरी आणू नका. ब्रेक न लागणाऱ्या सायकलवर पोरीला शाळेच्या रस्त्यावर सोडणं मला कुठल्याही बचतीपेक्षा महाग वाटतं.

वजन उचलून बघा. मुलांच्या सायकलींना जाड टायर आणि दोन शॉकर लावून १५-१६ किलोची करतात. मूल स्वतः बत्तीस-तेहतीस किलोचं. दीड किलोमीटरच्या शाळेला बिनागिअरची, व्ही-ब्रेकची, पूर्ण चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर आणि बास्केट असलेली सायकल सगळ्यात कमी त्रासाची. ओढणी किंवा सलवार चेनमध्ये जाऊ नये म्हणून चेनकव्हर अख्खं हवं, वरची नुसती पट्टी नको.

दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल हे धरूनच चालायचं. त्या वेळी ओळखीच्या कंपनीची, पेठेतल्या दुकानातून घेतलेली २४ इंची सायकल सोसायटीत एका दिवसात विकली जाते. तोच दुकानदार बऱ्याचदा बदल्यात घेऊन मोठी देतो. हे आत्ताच विचारून ठेवा.

हब_आणि_कोन

तुमचं माप: भिंतीला पाठ लावून, अनवाणी, मांड्यांमध्ये एक जाड वही वर दाबून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. त्याला ०.२२५ ने गुणलं की फ्रेमचं माप इंचांत येतं. ८० सेंमी आलं तर १८ इंच. ५ फूट ८ इंचाला साधारण तेवढंच येईल, पण मोजून घ्या, दोन माणसांची उंची सारखी असली तरी पायांची लांबी वेगळी असते. '२६ इंच' हे चाकाचं माप, फ्रेमचं नव्हे. सेलमधल्या सायकलींवर फ्रेमचं माप बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

टायरच्या कडेवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०-६२२. दुसरा आकडा महत्त्वाचा. ६२२ म्हणजे ७००सी, हायब्रिडला हेच येतं आणि २९ इंचीलाही. ५५९ म्हणजे एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) २६. पण लेडीज सायकलींना येणारं २६ × १ ३/८ हे ५९०, ते ५५९ च्या रिमवर बसत नाही. टायर आणायला दुसऱ्या कुणाला पाठवाल तेव्हा हा आकडा लिहून द्या.

ट्यूबचा वॉल्व्ह मोटारीसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. ४० मिमीच्या टायरला तुमच्या वजनाला मागे ६० पीएसआयच्या आसपास, पुढे पाच-दहा कमी, पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. हवा कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. खिळा सापडत नाही आणि तरी दर आठवड्याला पंक्चर होतंय, तर कारण हेच.

पावतीवाली

पैशांबद्दल थोडं. १९,९९९ ही छापील किंमत आहे, त्यावरून सूट मोजण्यात अर्थ नाही. दोन सायकलींची तुलना सुट्या भागांवरून करा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुन्या दरपत्रकावर किंमत सांगत असतील तर हा मुद्दा काढा, घासाघिशीला उपयोगी पडतो. पक्की पावती घ्याच. पावतीवर मॉडेल, रंग आणि फ्रेम नंबर लिहून घ्या. नंबर बहुतेक फ्रेमच्या खाली, पायडलच्या एक्सलच्या नळीवर ठोकलेला असतो. सायकल आडवी करून फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत द्यायला याशिवाय काहीच हातात नसतं, आणि सोसायटीच्या पार्किंगमधून सायकली जातातच.

ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याचं नाव आणि कंपनीचं नाव एकच आहे का बघा. वॉरंटीच्या अटी पैसे भरण्याआधी वाचा: बऱ्याच ठिकाणी ती फक्त फ्रेमची असते, आणि अधिकृत माणसाकडून जोडून घेतली तरच. खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा. एकदा जोडलेली सायकल परत घेताना वाद घालतात. खोक्यातच वाकलेली रिम दिसली तर तिथेच थांबा, जोडू नका.

सिंहगडरोडकर

ठरलं, दोन्ही पेठेतूनच घेतो, मिस्त्रीशी आधी बोलून. रविवारी ताबा घ्यायला जाईन. तिथे उभ्या उभ्या काय तपासू?

तीनपाने

रविवारी नका जाऊ, गर्दीत मिस्त्रीला हात द्यायला वेळ नसतो. मंगळवार-बुधवारी सकाळी पैसे भरा आणि "संध्याकाळी येतो, चाकं स्टँडला लावून ठेवा, हबचे कोन बघा, ग्रीस भरा" असं आधी सांगून जा. यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या तर दुसरं दुकान बघा.

ताबा घेताना पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखालच्या वाटीवर बोट ठेवा. तिथे 'खट्खट्' लागलं तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला आहे. पुढचं चाक पायांत धरून हँडल वळवायचा प्रयत्न करा, ते फिरता कामा नये. चाकं उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे नजर ठेवा: रिम आणि रबरातलं अंतर फेऱ्यात मिलिमीटरभर बदललं तर चालेल, दोन-तीन मिलिमीटर बदललं तर आऊट काढून घ्या. रबर रिमवरच लागायला हवं. वर टायरला लागलं तर टायर कापतं, खाली उतरलं तर तारांत जातं. क्रँक दोन्ही बाजूंनी आडवा हलवून बघा. सीटच्या दांडीवर आणि हँडलच्या दांडीवर कमीत कमी आत किती हवी त्याची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. सीटची उंची अशी: टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा. चवड्याने चालवाल तेव्हा आपोआप थोडा वाकतो.

मग दुकानासमोर सगळे गिअर एकेक करून वर आणि खाली. कुठे चेन चकत्यांमध्ये कुरकुरत राहिली तर शिफ्टरच्या वायरचा छोटा पिळाचा नट अर्धा फेरा फिरवून सुटतं. मिस्त्रीला तुमच्यासमोरच करायला सांगा, म्हणजे पुढे घरी तुम्हालाही करता येईल. पहिल्या आठवड्यात वायर ताणते तेव्हा हेच लागणार आहे.

तुमच्या रोजच्या पंधरा किलोमीटरने शंभर-दीडशे दीड-दोन आठवड्यांतच होतील. तेव्हा सायकल परत न्या: तारा, क्रँकचे बोल्ट, हेडसेट, ब्रेकच्या वायरी. मुलीची सायकल महिना-दीड महिन्याने न्या, तिचं अंतर कमी आहे. आणि मिस्त्रीचा मोबाइल नंबर पावतीच्या मागे लिहून घ्या, दुकानाचा नको, त्याचा स्वतःचा.